सातव्या माळेचा दिवा

महिपती कोंढरेच्या हातात चालू घड्याळ दिलं, तरी तो आधी ते उघडून बघणार, की बाबा हे चालतं कसं. बंद दिलं तर मग विचारूच नका. एका कॉलेजात वायरमन म्हणून उभा जन्म काढला. दिवसभर दुसऱ्यांच्या तारा जोडून माणूस कंटाळतो, घरी येऊन पाय पसरतो. हा घरी येऊन आपल्या तारा काढून बसायचा. रिटायर झाल्यावर लोक सकाळी बागेत हात वर करून हसायला जातात. महिपती बुधवार पेठेत जायचा. तिथल्या बोळातली विजेच्या सामानाची दुकानं हीच त्याची काशी आणि हेच त्याचं रामेश्वर.

त्याच्या बायकोने, तनुजाने, काय काय नाही सोसलं! एकदा त्याने कुकरच्या शिट्ट्या मोजणारं यंत्र केलं. तीन शिट्ट्या झाल्या की आपोआप घंटा वाजणार. यंत्र झकास चाललं. फक्त शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा ते आपलीच समजून मोजायचं. आठवडाभर घरात कच्ची डाळ. तनुजा म्हणाली, "अहो, शिट्ट्या मोजायला देवाने मला दोन कान दिलेत. तुमच्या यंत्राला एकच आहे, आणि तोही उनाड."

पण माणूस मनाचा मऊ. इमारतीत कुणाचा पंखा घरघरला, कुणाची बेल मुकी झाली, की महिपती पकड घेऊन हजर. चहासुद्धा आग्रह केला तर घेणार. आणि सगळ्यात जास्त फेऱ्या समोरच्या दाराला, म्हणजे गोदाबाईंकडे. त्यांना सगळे गोदाकाकूच म्हणत. वय ऐंशीला टेकलेलं, मुलगा अभय वाकडला, त्या एकट्या कसब्यात. "मी तिकडे आले तर मला भाजीवाला ओळखणार नाही, आणि इथे मी भाजीवाल्याच्या आजोबाला ओळखते," हे त्यांचं उत्तर. बोलायला कात्री. पण महिपतीवर जीव. दारातूनच हाक यायची, "महिपती, काय मोडतोयस आज?"

तर त्या वर्षी भाद्रपदात गोदाकाकूंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, धुरापाशी बसायचं नाही, रात्री झोप मोडायची नाही. घरी येऊन काकू पलंगावर बसल्या, काळा चष्मा लावून, आणि तासभर कुणाशी बोलल्या नाहीत. तनुजाला वाटलं, डोळा दुखत असेल. डोळा कुठला दुखतोय! नवरात्र तोंडावर आलं होतं.

नवरात्रात देवीपुढे नंदादीप लावतात, तो घट बसल्यापासून उठेपर्यंत अखंड तेवत ठेवायचा. म्हणजे तेल घाल, वातीवरची काजळी झाड, वारा लागू देऊ नको, रात्री दोनदा उठून बघ. लग्न होऊन आल्यापासून गोदाकाकूंनी तो एकदाही शांत होऊ दिला नव्हता. आणि आता वाकायचं नाही, धूर नाही, उठायचं नाही. म्हणजे दिवाच नाही.

अभय रविवारी आला. त्याने आपल्या परीने तोड सांगितली. "आई, यंदा विजेचा दिवा लावू. हुबेहूब ज्योतीसारखा हलतो."

"हो का? मग नैवेद्यालाही प्लास्टिकची पुरणपोळी ठेव. हुबेहूब मिळते," काकू म्हणाल्या.

महिपती तेव्हा तिथेच होता, त्यांचा वायफायचा डबा नीट करत. त्याच्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. म्हणाला, "काकू, दिवा लावा. तेल मी घालतो, काजळी मी झाडतो. आणि बाकी वेळ लक्ष ठेवायला मी कॅमेरा बसवतो. माझ्या फोनवर अष्टौप्रहर दिवा दिसेल. जरा कमी-जास्त वाटलं की समोरच तर आहे, आलोच."

"फोनमध्ये देवघर दिसणार?"

"देवघर, दिवा, देवी, सगळं."

काकूंनी काळ्या चष्म्याआडून त्याच्याकडे बघितलं. "तुझा शब्द ना?"

"शब्द."

बसवला कॅमेरा. मुठीएवढा, भिंतीवर, दिव्याच्या बरोब्बर समोर. घटस्थापनेला काकूंनी नंदादीप लावून घेतला, आणि त्याच्यावरून बाजूला एक लहानशी पणतीही. ही जुनी रीत. काजळी झाडताना मोठा दिवा चुकून शांत झालाच, तर धाकट्यावरून लावायचा. ज्योत तीच राहते, खंड पडत नाही. महिपती म्हणाला, "काकू, डॉक्टरांनी धूर नको म्हटलंय, आणि तुम्ही एकाचे दोन दिवे लावता? कॅमेरा असताना ही पणती कशाला?"

काकूंनी पणतीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तू म्हणतोस तर राहू दे." आणि पणती मालवली.

पहिल्या सहा माळा छान गेल्या. रोज देवीला एक माळ चढते, म्हणून नवरात्राचे दिवस माळांनीच मोजायचे. महिपती उशाशी फोन घेऊन झोपे. उठे, बघे, समोर जाऊन तेल घाली. खरं सांगायचं तर त्याला त्या दिव्यापेक्षा आपल्या फोनमधल्या दिव्याचंच कौतुक जास्त. भाजी आणायला गेला तर भाजीवालीला दाखवी. दाढी करायला गेला तर न्हाव्याला. जिन्यात वरच्या मजल्यावरची सोनाली भेटली, तिलाही दाखवला. ती म्हणाली, "काका, भारी! पुढच्या वर्षी माझ्याकडे पण लावा ना, ऑफिसमधून बघता येईल." महिपतीची छाती फुगली.

सातव्या माळेला दुपारी गोदाकाकूंना डोळा दाखवायला जायचं होतं. तनुजा सोबत निघाली. रिक्षात बसताना काकू म्हणाल्या, "महिपती, दिवा सोडून जातेय. तू आहेस म्हणून."

"निर्धास्त जा, काकू."

घरात एकटा बसून फोनकडे बघायचं, हे काही महिपतीच्या स्वभावात नाही. थोड्या वेळाने त्याला वाटलं, दिवा मंद झाला की फोन आपोआप वाजेल अशी काहीतरी सोय करता येईल. त्याला एक चिमुकला सुटा भाग लागेल. बुधवार पेठ काय, पाऊल टाकलं की आलीच. दिव्यात काठोकाठ तेल घातलं, पंखा बंद केला, दार ओढलं आणि निघाला. वाटेत दोनदा फोन बघितला. तेवतोय.

नासिरच्या दुकानात नेहमीप्रमाणे उभं राहायलाही जागा नव्हती. नासिर म्हणजे त्याचा वीस-पंचवीस वर्षांपासूनचा दोस्त, बापाच्या वेळेपासून त्याच बोळात. महिपतीने सुटा भाग मागितला, तो हातात घेतला, मग शेजारचा दुसरा बघितला, मग त्याच्यापेक्षा नवा निघालाय तो बघितला. असं करता करता चहा आला. महिपतीने फोन गल्ल्यावर उभा करून ठेवला होता.

नासिर चहाचा घोट घेत फोनकडे बघत राहिला. "महिपतभाऊ, तुमच्या देवघरात अगदी वारा नाही वाटतं. ज्योत कशी गप्प उभी आहे. चित्र काढल्यासारखी."

"पंखा बंद करून आलोय ना," महिपती ऐटीत म्हणाला. "असं काम पाहिजे."

दोन चहा झाले.

तो परत आला, तर इमारतीच्या खाली लिफ्टमधून सोनाली बाहेर पडत होती. "काका, नशीबवान हं तुम्ही. आत्ताच आली लाईट. मघाशी तुम्ही बाहेर पडलात ना, तेवढ्यात जी गेली ती आत्ता आली. जिने चढावे लागले नाहीत तुम्हाला."

महिपतीने फोन काढला. दिवा तेवत होता. चित्राच्या कोपऱ्यात घड्याळाचे आकडे दिसत असतात, ते त्याने तेव्हा पहिल्यांदा वाचले. मघाशी तो नासिरच्या बोळापर्यंतही पोचला नव्हता, तेव्हाची ती वेळ होती.

जन्मभर विजेत हात घालून बसलेला माणूस! वीज गेली की वायफायचा डबा बंद, डबा बंद की कॅमेरा बंद, आणि फोन मात्र शेवटचं चित्र धरून बसतो, हे एखाद्या पोराने सांगितलं असतं. याला सुचलं नाही. दिवा तेलावर चालतो, विजेवर नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. दिवा बघणारा विजेवर चालतो, हे राहूनच गेलं.

तो लिफ्टसाठी थांबला नाही. काकूंचं दार उघडलं. देवघरात अंधारच होता. दिव्यात तेल भरपूर होतं. वातीच्या टोकाला काजळीचं टपोरं फूल धरलं होतं, त्यानेच घात केला. महिपतीने दिव्याच्या कडेला बोट लावलं. गार. म्हणजे आत्ताचा नाही, केव्हाचाच गेलेला.

बाजूला पणती असती तर... पण पणती त्यानेच मालवायला लावली होती.

तेवढ्यात खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकूंचा, रिक्षावाल्याला दमात घेतलेला. आता विचार करायला वेळ हवा होता, तो मिळाला नाही. मिळाला असता तर त्याने काय केलं असतं, देव जाणे. त्याने ओट्यावरची काडेपेटी घेतली, काजळी झाडली, काडी ओढली आणि दिवा लावला. विझवलेली काडी कुठे टाकावी सुचेना, म्हणून सदऱ्याच्या खिशात घातली.

गोदाकाकू तनुजाचा हात धरून आत आल्या. डोळ्यात थेंब घातलेले, त्यामुळे सगळं पाण्यातून बघितल्यासारखं. दारातूनच त्यांनी विचारलं, "महिपती, तेवतोय ना रे दिवा?"

"तेवतोय, काकू."

एक अक्षर खोटं बोलला नाही तो. दिवा तेवतच होता की! पण खोटं बोलायला काही दर वेळी खोटं सांगावं लागत नाही.

काकूंनी हात जोडले. आणि मग, देवीला जोडलेले ते हात तसेच त्याच्याकडे वळवले. "तू होतास म्हणून रे बाबा."

त्या दिवसापासून महिपतीचं काहीतरी बिनसलं. तेल तो घालायचा, काजळी झाडायचा, पण चोरासारखा जायचा आणि चोरासारखा यायचा. काकू जाग्या असल्या तर बाहेरूनच फोन करून विचारायचा, "कशा आहात?" समोरच्या दारातून फोन! काकू म्हणाल्या, "अरे, मी वाकडला नाही गेले अजून." काकूंनी देवीवर बांधलेल्या कडाकण्यांतली, त्या गोड कडक पुऱ्यांतली, एक याला पाठवली, ती याच्या ताटात तशीच राहिली.

आणि काकू तर सांगत सुटल्या. कधी कुणाचं कौतुक न करणारी बाई. एकदा करायला लागली की हातचं राखत नाही. दूधवाल्याला सांगितलं, वरच्या मजल्यावर सांगितलं, भजनाच्या बायकांना सांगितलं. "डोळा गेला, कंबर गेली, पण दिवा अखंड. आमचा महिपती!" जिन्यात बायका त्याला थांबवून विचारायच्या, तो कॅमेरा केवढ्याला पडतो हो? महिपती काहीतरी पुटपुटून निसटायचा. लोकांना वाटे, काय बाई विनय!

त्याने स्वतःला नाना परींनी समजावलं. दिवा काही त्याने विझवला नव्हता. देवीला सगळं दिसतं, तिची तक्रार असती तर तिने काही केलं असतं. कुणी बघितलं नव्हतं; कॅमेऱ्यानेसुद्धा नाही. पण हे शेवटचं मनात आलं की समजावणं तिथेच अडायचं. बघणारा म्हणून तर त्याला ठेवला होता.

दसऱ्याला घट उठले. अभय आला होता. काकूंनी घटाभोवती उगवलेलं पोपटी धान उपटलं, त्यातलं आधी महिपतीच्या टोपीत खोवलं आणि मग मुलाकडे वळल्या. "बघ. पोटचा मुलगा म्हणाला, विजेचा दिवा लाव. शेजारचा म्हणाला, मी आहे. शिक जरा."

अभयचं तोंड उतरलं. चाळिशी ओलांडलेला बाप्या तो, खाली मान घालून म्हणाला, "काका, खरंच. मला जमलं नसतं. तुम्ही होतात म्हणून."

महिपतीला टोपी डोक्यावर जड झाली. आपल्याला फुकटचा मान मिळाला ते एक. पण त्याच्यापायी या मुलाला आईसमोर खाली बघायला लागलं, हे त्याला सोसेना.

संध्याकाळी तनुजाने धुवायला सदरा घेतला आणि खिसा चाचपला. "अहो, ही जळकी काडी कसली? या वयात विड्या ओढायला लागलात की काय?"

महिपती पाटावर बसला होता, त्याने काडी तिच्या हातातून घेतली. मग सगळं सांगितलं. काडीपासून उलट, बोळापर्यंत.

तनुजाने ऐकून घेतलं. सदरा बादलीत टाकला. "मला कशाला सांगताय? दिवा माझा होता का?"

"काय तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने 'तेवतोय' म्हणालात, त्याच."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. काकू पलंगावर वाती वळत होत्या. डोळ्यांना काम नको असलं की बोटांना द्यायचं, ही त्यांची पद्धत. महिपती उभा राहूनच बोलला. लाईट गेली, चित्र अडकलं, मी बुधवारात होतो, दिवा विझलेला होता, मी काडेपेटीने लावला. एका दमात.

वात वळणारी बोटं थांबली.

"विझला म्हणू नये," काकू म्हणाल्या. "शांत झाला म्हणावं." रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी येऊन गेली. "कितवी माळ?"

"सातवी."

"सातवी." त्यांनी वात खाली ठेवली. "अरे, दिवा आहे. शांत होतो कधी. त्याला उपाय आहेत. देवीपुढे बसायचं, चूक झाली म्हणायचं, जप करायचा, पुन्हा लावायचा. माझ्या सासूबाईंनी सांगून ठेवलंय सगळं. सातवीला सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी केलं असतं. आठवीला सांगितलं असतंस तरी चाललं असतं." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर महिपतीला बरं वाटलं असतं. "आता घट उठले. देवी उठली. आता मी कुणापुढे बसू?"

महिपतीला वाटत होतं, आपण दिवा घालवला. काकूंच्या हातून आपण काय काढून घेतलं, हे त्याला आत्ता कळलं.

"आणि गावभर सांगितलं मी. पोराला बोलले. आता मी खोटी."

"मी सांगतो सगळ्यांना, काकू. अभयला आत्ता फोन करतो."

"अभयचं मी बघेन. माझं तोंड सुटलं होतं, ते मीच आवरते. बाकीच्यांना तू सांग. रविवारी गच्चीवर भोंडला आहे."

"भोंडल्यात? बायकांच्यात?"

"मग? मी सांगितलं ते काय पुरुषांना सांगितलं?"

हल्ली नवरात्रात बायकांना सवड होत नाही, म्हणून इमारतीचा भोंडला कोजागिरीच्या आधीच्या रविवारी. ऊन उतरल्यावर गच्चीवर पाट मांडला, पाटावर हत्ती काढला, बायकांनी फेर धरला. नोकरीवाल्यांना गाणी पाठ नाहीत, त्या फोनमध्ये बघून म्हणत होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात शेजारणीचा हात, म्हणून फेर जरा लंगडत होता. महिपती पाण्याच्या टाकीशी उभा. बायकांना वाटलं, गच्चीवरचा दिवा दुरुस्त करायला आला असेल.

गाणी संपली. खिरापत ओळखायची वेळ झाली. झाकलेला डबा गोदाकाकूंच्या मांडीवर होता. त्या म्हणाल्या, "थांबा. आधी महिपतीला काही सांगायचंय."

सगळ्या वळल्या. महिपती पुढे आला. आपल्या सदऱ्याचं बटण फिरवत राहिला. मग म्हणाला, "काकूंचा दिवा यंदा अखंड नव्हता. सातव्या माळेला शांत झाला. माझ्यामुळे. मी दिव्यापाशी नव्हतो, बुधवारात होतो. परत आल्यावर काडेपेटीने लावला आणि काकूंपासून लपवून ठेवलं. काकूंनी तुम्हाला सांगितलं, ते त्यांना खरं वाटत होतं."

आणि मग सोनाली हसली. "अय्या, काका! एवढंच? आमच्याकडे तर दुसऱ्याच माळेला गेला. मी गॅसच्या लायटरने लावला."

"आमच्याकडे तर रोज," दुसरी कुणी म्हणाली. "सासूबाई झोपल्या की जातो, उठायच्या आत येतो. नवऱ्यासारखा." एकच हशा पिकला. महिपतीचे खांदे जरा सैल झाले. त्याच्याही ओठांवर हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात त्याचं लक्ष काकूंकडे गेलं.

काकू हसत नव्हत्या. "हसा गं," त्या म्हणाल्या. "तुमचा दिवा गेला ते तुमचं तुम्हाला माहीत होतं. मला माझा माहीत नव्हता."

हसू जिथल्या तिथे थांबलं. सोनालीने ओढणी सारखी केली. महिपतीने मान खाली घातली. हत्तीच्या पायाशी पडलेली झेंडूची फुलं तेवढी त्याला दिसत होती.

काकूंनीच मग डबा वाजवला. "ओळखा आता. बसल्या काय?"

"गोड की तिखट?" कुणीतरी हळूच विचारलं.

"तिखट. मी गोड कधी केलंय?"

पुन्हा आवाज सुरू झाले. चिवडा? नाही. वड्या? तिखट म्हटलं ना. मिसळ? डब्यात मिसळ आणतात का गं कुणी! शेवटी वाटली डाळ निघाली. काकू कागदाच्या वाट्यांत वाढत फेरभर फिरल्या, आणि पुन्हा टाकीपाशी जाऊन उभ्या राहिलेल्या महिपतीसमोर येऊन थांबल्या. वाटी पुढे केली. त्याने दोन्ही हातांनी घेतली.

"काकू, माफ करा मला."

"देवीचं देवी बघेल," त्या म्हणाल्या. "माझं मी अजून बघतेय." आणि एक पाऊल जाऊन परत वळल्या. "आणि समोरच्या दारातून फोन करू नकोस. विचारायचं असेल तर येऊन विचार. बोलेनच असं नाही, पण ये."

त्या बायकांत जाऊन बसल्या. कुणाला तरी आणखी एक गाणं आठवलं, फेर पुन्हा उभा राहिला. महिपती वाटी घेऊन तसाच उभा. आता जावं की थांबावं, ते काही त्याला कळेना. म्हणून तो थांबला.